नीटचं उन्हाळी शिबिर दोन वर्षं उशिरा भरतंय : आदिवासी विकास विभागाला खुलं पत्र

प्रति,
मा. आयुक्त, आदिवासी विकास, महाराष्ट्र राज्य, नाशिक
मा. अपर आयुक्त, नाशिक, ठाणे, अमरावती व नागपूर
सर्व प्रकल्प अधिकारी, एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प

विषय : आश्रमशाळा आणि वसतिगृहांतल्या विद्यार्थ्यांसाठीची उन्हाळी नीट शिबिरं

महोदय, महोदया,

बारावीचे पेपर संपले की मार्चअखेरीपासून मेच्या पहिल्या रविवारपर्यंत आदिवासी भागात नीटची, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची, शिबिरं भरतात. कुठे प्रकल्प कार्यालय स्वतः भरवतं, कुठे निविदा काढून शिकवणीवाल्यांना काम दिलं जातं, कुठे मेडिकलची मुलं सुट्टी घालवून शिकवायला येतात. हेतूबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार वेळेबद्दल आहे. ज्या उन्हाळ्यात हे शिबिर भरतं तो उन्हाळा चुकीचा आहे, आणि ज्या उन्हाळ्यात ते भरायला हवं त्या उन्हाळ्यात आपली वसतिगृहं कुलूप लावून बंद असतात.

हिशेब साधा आहे. 2025 साली बारावीची परीक्षा 11 फेब्रुवारीला सुरू झाली आणि नीट 4 मेला झाली. पेपर संपणं, गावी जाऊन येणं, शिबिराची जमवाजमव हे सगळं वजा केलं तर हातात पंचेचाळीस दिवससुद्धा धड उरत नाहीत. अभ्यासक्रमात भौतिकशास्त्राचे 20, रसायनशास्त्राचे 20 आणि जीवशास्त्राचे 10 असे 50 घटक आहेत. म्हणजे रोज एकाहून जास्त घटक संपवायचा. ज्या मुलाने अकरावी-बारावीत हे सगळं एकदा शिकून घेतलंय, त्याला एवढी उजळणी पुरते आणि तिचा खरोखर फायदाही होतो. पण जिथे कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्राचं पद वर्षभर रिकामं होतं, तिथल्या मुलीसाठी ही उजळणी नसते. तिच्यासाठी दोन वर्षांचा अभ्यासक्रम पहिल्यांदाच, दीड महिन्यात, इंग्रजीतून आणि 43 अंश तापमानात चाललेला असतो. दुसऱ्या आठवड्यात ती मागच्या बाकावर जाते, तिसऱ्या आठवड्यात घरी. आपल्या अहवालात तिच्या नावापुढे 'वैयक्तिक कारणास्तव' असं लिहिलं जातं.

आमची मागणी एका वाक्यात सांगायची तर अशी : शिबिराचा मुख्य खर्च, चांगले शिक्षक आणि जास्तीत जास्त दिवस दहावीनंतरच्या उन्हाळ्यात घाला. अकरावीनंतरचा उन्हाळा राहिलेलं भरून काढायला ठेवा. बारावीनंतरच्या उन्हाळ्यात फक्त पेपर सोडवण्याचा सराव आणि कागदपत्रं घ्या.

हे काही आमच्याच डोक्यातून निघालेलं नाही. अमेरिकेत कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि मूलनिवासी विद्यार्थ्यांना डॉक्टरीकडे आणण्यासाठी रॉबर्ट वुड जॉन्सन फाउंडेशनने 1980 च्या दशकाच्या अखेरीस 'मायनॉरिटी मेडिकल एज्युकेशन प्रोग्रॅम' सुरू केला. पुढे नावं बदलत तो 'समर हेल्थ प्रोफेशन्स एज्युकेशन प्रोग्रॅम' झाला. उन्हाळ्यात काही आठवडे वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात मोफत राहणं, विज्ञानाची तयारी, अभ्यास कसा करायचा याचं शिक्षण आणि दवाखान्याची थोडी ओळख, असं त्याचं स्वरूप. आपल्या कामाचा मुद्दा त्याच्या प्रवेशाच्या अटीत आहे. तिथे कॉलेजच्या पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाची मुलं घेतात. तिकडे मेडिकलला चार वर्षांच्या पदवीनंतर जातात, हे लक्षात घेतलं तर शिबिर प्रवेशाच्या दोन-तीन वर्षं आधी होतं. परीक्षेला महिना राहिलेली मुलं गोळा करण्यात त्यांनी शक्ती घालवली नाही.

आता दहावीनंतरच्या उन्हाळ्याकडे येऊ. दहावीचे पेपर मार्चच्या मध्याला संपतात, निकाल मे महिन्यात लागतो आणि अकरावीचे वर्ग जुलैच्या आत क्वचितच धड सुरू होतात. तीन महिने मूल मोकळं असतं. आश्रमशाळेत दहावीपर्यंत विज्ञान मराठीतून, फार तर सेमी-इंग्रजीतून झालेलं असतं आणि अकरावीला एकदम सगळं इंग्रजीतून येतं. शहरातला मुलगा या तीन महिन्यांत क्लासला बसून अकरावीचे चार धडे संपवतो. आपला मुलगा त्याच वेळी मोहफुलं वेचतो, तेंदूपत्ता तोडतो किंवा आई-बापांबरोबर ऊसतोडीच्या तळावर असतो.

म्हणून सगळ्यात आधी तारखांचा विचार करा. नाशिकहून एकच वेळापत्रक काढून ते सगळ्या प्रकल्पांना लावू नका. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, मेळघाट या पट्ट्यात मे महिन्यात तेंदूचा हंगाम असतो. त्या पंधरा-वीस दिवसांत घरात येणारा पैसा वर्षाचा मोठा आधार असतो आणि त्यासाठी घरातले सगळे हात लागतात. तिथे मेमध्ये शिबिर ठेवलं तर मुलं पळून जाणारच, त्याला बेशिस्त म्हणू नका. तिथे एप्रिलचे चार आठवडे, मग तेंदूसाठी सुट्टी, आणि जूनमध्ये पुन्हा चार आठवडे अशी दोन टप्प्यांची आखणी करा. विदर्भात शाळा तशाही जूनच्या शेवटी उघडतात, त्यामुळे इमारत मोकळी मिळते. नंदुरबार-धडगावकडे प्रश्न वेगळा आहे. तिथे होळीनंतर मुलं गुजरातेतल्या तोडीवर गेलेल्या घरच्यांकडे जातात, म्हणून दहावीचा शेवटचा पेपर संपताच, मूल परगावी जायच्या आत, त्याला शिबिरात घ्यावं लागतं. शिवाय शिबिराचा भत्ता द्या. रोजगार हमीच्या एका दिवसाच्या मजुरीइतकी रक्कम रोज, आठवड्याला हातात पडेल अशी. शिबिर संपल्यावर तीन महिन्यांनी खात्यात येणाऱ्या रकमेचा घरच्यांचं मन वळवायला काही उपयोग नाही.

निवड दहावीच्या टक्क्यांवर करू नका. एक तर निकाल मेमध्ये लागतो, तोवर शिबिर अर्धं झालेलं असतं. दुसरं म्हणजे विज्ञानात 40-40 गुणांचे दोन लेखी पेपर आणि 20 अंतर्गत गुण असतात, आणि अंतर्गत गुण सगळीकडे सढळ हाताने पडतात. फेब्रुवारीत शाळेतच एका तासाची चाचणी घ्या : अपूर्णांक आणि गुणोत्तराची दहा गणितं, एक इंग्रजी उतारा आणि त्यावर पाच प्रश्न, आणि कधी न पाहिलेली एक आकृती वाचून लिहायच्या चार ओळी. विज्ञान शिक्षकाचं मतही घ्या. एका तुकडीत चाळीसच्या वर मुलं नकोत. निम्म्या मुली हव्यात. कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन आदिम जमातींसाठी जागा आधीच राखून ठेवा, नाहीतर मोठ्या जमातींची, रस्त्यालगतच्या गावांतली मुलंच यादी भरून टाकतात. यात कुणाचा दुष्टपणा नसतो. ज्यांच्यापर्यंत पत्र आधी पोचतं ती आधी येतात, एवढंच.

शिकवायचं काय? इथे बहुतेक शिबिरं घसरतात, कारण शिक्षक लगेच अकरावीचा पहिला धडा उघडतो. पहिले तीन आठवडे अकरावीचं पुस्तक उघडूच नका. मुलं अडतात ती धड्याच्या आधीच. एक उदाहरण देतो. 20 मीटर उंचीवरून चेंडू सोडला, जमिनीवर पडायला किती वेळ लागेल? गुरुत्वत्वरण 10 धरा. हा प्रश्न मराठीत विचारला तर दहावीची हुशार मुलगी 2 सेकंद हे उत्तर काढते. तोच प्रश्न इंग्रजीत आला, त्यात 'ड्रॉप्ड' हा शब्द असला आणि आरंभीचा वेग वेगळा दिलेला नसला, की ती 20 हा आकडा वेगाच्या जागी घालते. सूत्र पाठ असतं. 'ड्रॉप्ड' म्हणजे आरंभीचा वेग शून्य, 'कम्स टू रेस्ट' म्हणजे शेवटचा वेग शून्य, 'स्मूद' म्हणजे घर्षण धरायचं नाही, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. प्रश्नपत्रिकेत असे शे-दीडशे ठरावीक शब्दप्रयोग पुन्हा पुन्हा येतात. त्यांची यादी करा आणि रोज दहा-दहा घोटून घ्या. 'नॉट करेक्ट', 'एक्सेप्ट', 'इनकरेक्ट स्टेटमेंट' हे शब्द दिसताच त्यांच्याखाली रेघ मारायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. जीवशास्त्रात येत असलेल्या प्रश्नाचे गुण सगळ्यात जास्त तिथेच जातात.

दुसरी अडचण गणिताची. डॉक्टर व्हायचंय म्हणून अकरावीला गणित सोडलं जातं, पण भौतिकशास्त्र गणित सोडत नाही. परीक्षेत कॅल्क्युलेटर नसतो. 2 × 10⁻³ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचा पीएच विचारला तर त्यात रसायनशास्त्र एका ओळीचं आहे. बाकी सगळा ऋण घातांक आणि लॉगॅरिदमचा खेळ : 3 वजा 0.3010, म्हणजे सुमारे 2.7. मूल अडतं ते या वजाबाकीत. त्यामुळे दहाचे घात, लॉगॅरिदमचे नियम, 2 आणि 3 चे लॉग, साइन-कोसाइनच्या ठरावीक किमती, आलेखाचा चढ, वर्गसमीकरण, सदिशांची बेरीज आणि शेवटच्या आठवड्यात अवकलन-समाकलनाची तोंडओळख एवढं गणित रोज दीड तास, पूर्ण आठ आठवडे चालू ठेवा. पहिल्या पंधरवड्यात अपूर्णांकांवर थांबावं लागेल. थांबा. हे आठवीतच यायला हवं होतं असं मुलांच्या तोंडावर बोलणारा शिक्षक शिबिराला नको.

इंग्रजी वाचनासाठी वेगळं पुस्तक लागत नाही. एनसीईआरटीचं अकरावीचं जीवशास्त्राचं पुस्तक घ्या आणि चौथ्या आठवड्यापासून रोज एक पान मोठ्याने वाचून घ्या. एकाने वाचायचं, दुसऱ्याने त्याच वाक्याचा अर्थ आपल्या भाषेत सांगायचा. गोंडी, माडिया, पावरी, कोरकू, कुठल्याही भाषेत. नवीन पंधरा शब्द वहीत, शेजारी दहावीतला मराठी शब्द आणि जमलं तर आकृती. चार आठवड्यांत साडेतीनशेच्या वर शब्द होतात आणि अकरावीच्या पहिल्या सहामाहीला ते पुरतात. या शिबिराच्या शेवटी नीटची सराव परीक्षा घेऊ नका. 720 पैकी 60 गुण बघून मूल खचतं, आणि त्यातून शिक्षकाला नवं काहीच कळत नाही.

रोजचा वेळ उन्हाकडे बघून ठरवा. सकाळी साडेसहा ते अकरा, मग दुपारी चारपर्यंत वर्ग नाही, चार ते साडेसात पुन्हा वर्ग. पत्र्याच्या छताखाली दुपारी दोनला रसायनशास्त्र शिकवून काहीही पदरात पडत नाही. इन्व्हर्टर नसेल तर रात्रीच्या अभ्यासाची हमी देऊ नका. मेडिकलच्या आदिवासी विद्यार्थ्यांना बोलवाच, पण शिकवायला नको. एकेकाने आठवडाभर राहून संध्याकाळच्या अभ्यासाला मुलांशेजारी बसावं, एवढं पुरे. शिकवणं हे वेगळं कसब आहे आणि एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलाकडे ते असेलच असं नाही.

एक गोष्ट मात्र कुठल्याही परिपत्रकात नसते म्हणून ठासून सांगतो. आपल्या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. सिकलसेलचा रुग्ण असलेल्या मुलाला उन्हाळ्यात पाणी कमी पडलं, जागरण झालं किंवा ताप आला तर वेदनेचा झटका येऊ शकतो, आणि शिबिरात या तिन्ही गोष्टी एकदम होतात. शिबिराच्या पहिल्याच दिवशी आश्रमशाळेच्या आरोग्य तपासणीची नोंद मागवा आणि रुग्ण असलेली मुलं कोण हे अधीक्षकाला, अधीक्षिकेला माहीत असू द्या. त्यांच्या फॉलिक अॅसिडच्या आणि हायड्रॉक्सियुरिया चालू असेल तर त्याच्याही गोळ्या शिबिरभर पुरतील एवढ्या सोबत आहेत का ते बघा. सगळ्यांच्याच बाकावर पाण्याची बाटली ठेवा आणि वर्ग चालू असताना पाणी प्यायला, लघवीला जायला परवानगी मागायला लावू नका. वाहक असलेल्या मुलांना सहसा काही त्रास नसतो, त्यांची वेगळी यादी वर्गात वाचून दाखवू नका. शिबिरातून निघून गेलेल्या मुलींपैकी काही जणी पाळीच्या दिवसांत न्हाणीघरात पाणी नाही म्हणून गेलेल्या असतात. हेही 'वैयक्तिक कारणा'तच लपलेलं असतं.

अकरावीनंतरचा उन्हाळा छोटा असतो, जेमतेम पाच-सहा आठवडे. त्यात बारावीचं पुढे रेटायचा मोह टाळा. अकरावीत जे शिकवलंच गेलं नाही ते शिकवा. प्रत्येक महाविद्यालयात ते वेगळं असतं, त्यामुळे पहिल्या दिवशी मुलांनाच घटकांची यादी देऊन 'शिकवलं', 'अर्धं शिकवलं', 'शिकवलं नाही' अशा खुणा करायला सांगा. बहुधा गतिकी, घूर्णन गती, रासायनिक समतोल आणि सेंद्रिय रसायनशास्त्राची सुरुवात एवढं निघतं. राज्य मंडळाच्या पुस्तकाचा क्रम आणि एनसीईआरटीचा क्रम जुळत नाही, म्हणून दोन्हींतल्या धड्यांचा एका पानाचा मेळ शिक्षकांनी आधीच करून ठेवावा.

आणि जुनी पुस्तकं. 2024 च्या नीटसाठी राष्ट्रीय वैद्यक आयोगाने अभ्यासक्रम बदलला. रसायनशास्त्रातून सॉलिड स्टेट, सरफेस केमिस्ट्री, पॉलिमर्स गेलं, जीवशास्त्रातून डायजेशनचा धडा गेला, आणखीही बरंच गेलं. दानात आलेली गाइडं, निविदेत घेतलेले टॅब आणि त्यांतले व्हिडिओ त्याच्या आधीचे असतील तर मुलं गेलेल्या धड्यांवर आठवडे घालवतात. टॅब घेताना अभ्यासक्रम कुठल्या वर्षाचा आणि सगळं साहित्य इंटरनेटशिवाय चालतं का, हे दोन प्रश्न आधी विचारा. भामरागड किंवा अक्राणीच्या पाड्यावर रोजचा डेटा फुकट देऊन उपयोग नाही, रेंजच नसते.

अकरावीनंतरच्या याच उन्हाळ्यात, खरं तर त्याच्याही आधी, जात वैधता प्रमाणपत्राचं काम सुरू व्हायला हवं. सगळ्यात जास्त मुलं आम्ही इथे गमावतो, आणि तीही चांगले गुण मिळवलेली. प्रांत कार्यालयाचा जमातीचा दाखला वेगळा आणि अनुसूचित जमाती प्रमाणपत्र तपासणी समितीचं वैधता प्रमाणपत्र वेगळं, हेच अनेक घरांत जुलैत कळतं. राखीव जागा घेताना वैधता हातात लागते. समितीकडे अर्ज, मग गरज पडली तर दक्षता पथकाची चौकशी, मग सुनावणी, यात महिने जातात. निकालानंतर धावपळ करणं म्हणजे वरातीमागून घोडं.

शिबिरात तीन दिवस फक्त याला द्या आणि प्रकल्प कार्यालयातला जाणता लिपिक तिथे बसवा. पहिल्या दिवशी वंशावळ लिहून घ्या : मूल, वडील, आजोबा, पणजोबा, चुलते, आत्या. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कुणाकडे वैधता आहे का ते विचारा, असेल तर अर्धं काम झालं. दुसऱ्या दिवशी कागदांची यादी : मुलाचा आणि वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, प्राथमिक शाळेच्या दाखल-खारीज नोंदवहीचा उतारा, आजोबा-पणजोबांचे सातबारा, फेरफार, कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद. अनुसूचित जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950 ही तारीख महत्त्वाची, तिच्या आधीच्या कागदाला सगळ्यात जास्त वजन असतं. तिसऱ्या दिवशी चुका शोधा. वडिलांच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसतं 'हिंदू' असतं, कोळी महादेवच्या ठिकाणी नुसतं 'कोळी' असतं, आजोबांचं नाव एका कागदावर 'लालू' आणि दुसऱ्यावर 'लाल्या' असतं. नाव एकाच माणसाचं आहे याचं प्रतिज्ञापत्र वेळीच करून घेता येतं. जुनी नोंद मोडीत असेल तर अधिकृत मोडी वाचकाकडून लिप्यंतर करून घ्यावं लागतं आणि असे वाचक तालुक्याला नसतात, हेही आधीच धरून चाला. जमातीच्या चालीरीती, देव, बोली यांवरच्या प्रश्नांना मुलं घाबरतात. ही आप्तभाव चाचणी म्हणजे एकमेव कसोटी नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2023 च्या निकालात स्पष्ट केलंय. जुने कागद पक्के असतील तर ते आधी. शाळेत दाखला लिहिताना मुख्याध्यापकांनी जमातीचं पूर्ण नाव लिहिलं तर पुढच्या पिढीचा हा सगळा त्रास वाचेल, पण ती सूचना आपण काढायची आहे.

बारावीनंतरच्या शिबिराबद्दल थोडंच सांगतो, कारण ते आपल्याला माहीत आहे. 180 प्रश्न, 180 मिनिटं, बरोबरला 4, चुकीला वजा 1. जीवशास्त्राचे 90 प्रश्न म्हणजे 360 गुण, अर्धा पेपर, आणि आपल्या मुलांचं बळ तिथेच असतं. जीवशास्त्र आधी, पन्नास मिनिटांत, मग रसायन, मग भौतिक असा क्रम बहुतेकांना मानवतो. सराव पेपर सकाळी घेऊ नका. परीक्षा दुपारी 2 ते 5 असते, त्यामुळे जेवण, झोप आणि ऊन यांच्यासकट त्याच वेळेची सवय हवी. ओएमआर, म्हणजे गोल भरायची उत्तरपत्रिका, शेवटच्या वीस मिनिटांत भरायचं ठेवलं तर एक प्रश्न सुटतो आणि पुढचे सगळे गोल एक घर सरकतात, पेनाने भरलेला गोल पुसताही येत नाही. प्रत्येक पानानंतर भरायची सवय लावा आणि शिबिरात खऱ्या आकाराच्या ओएमआर कागदावरच सराव घ्या. वहीत अ-ब-क-ड लिहून घेतलेला सराव परीक्षेत उपयोगी पडत नाही. भाषेचा निर्णयही अर्ज भरताना घाईत होतो. मराठी निवडली तर पुस्तिकेत मराठी आणि इंग्रजी दोन्ही असतात, मात्र वाद झाला तर इंग्रजी मजकूर अंतिम. आदल्या वर्षीचा मराठी पेपर अकरावीनंतरच्या उन्हाळ्यातच सोडवून बघितला तर मुलाला आपलं आपणच कळतं.

अर्ज फेब्रुवारीच्या सुमारास भरले जातात, म्हणजे शिबिर सुरू व्हायच्या आधी, आणि ते बहुतेक वेळा सायबर कॅफेत भरले जातात. तिथे कॅफेवाला स्वतःचा मोबाइल नंबर टाकतो. पुढे ओटीपी त्याच्याकडे, पासवर्ड त्याच्याकडे, आणि मेमध्ये प्रवेशपत्र काढायची वेळ येते तेव्हा दुकान बंद. 2025 ला जमातीच्या उमेदवाराचं शुल्क 1000 रुपये होतं. जमातीऐवजी खुल्या प्रवर्गात अर्ज गेला तर 1700 रुपये तर जातातच, वर पुढची दुरुस्ती वेगळीच. वसतिगृहाच्या गृहपालाने दोन दिवस संगणक खोली उघडून, मुलाच्या किंवा पालकाच्याच नंबरवर, दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळवून हे अर्ज भरून घ्यावेत. आधारवरचं नाव दुरुस्त करायचं असेल तर ते डिसेंबरच्या आत. परीक्षेच्या आदल्या दिवशी केंद्राच्या गावी मुक्कामाची सोय विभागाची हवी. भामरागडहून गडचिरोलीला त्याच सकाळी एसटीने निघालेलं मूल दीड वाजता फाटक बंद व्हायच्या आत पोचेलच याची खात्री कोण देणार?

निकालानंतर शिबिर संपत नाही. राज्यातले प्रवेश देणाऱ्या सीईटी सेलची नोंदणी, कागद चढवणं, पसंतीक्रम आणि फेऱ्या यात मूल एकटं पडतं. पसंतीक्रमात जे खरोखर हवं ते वर लिहायचं, मिळण्याची शक्यता बघून नव्हे. पहिल्या फेरीत मिळालेल्या जागेवर स्टेटस रिटेन्शन फॉर्म भरला की पुढच्या फेऱ्यांत नाव येत नाही, आणि तो फॉर्म कॉलेजच्या खिडकीवर 'सही कर' म्हटलं म्हणून भरला जातो. प्रत्येक प्रकल्प कार्यालयात जुलै ते सप्टेंबर एक माणूस याच कामाला नेमा आणि त्याचा नंबर वसतिगृहाच्या फळ्यावर लिहा. बारावीत भौतिक-रसायन-जीवशास्त्र मिळून 40 टक्के नसतील तर नीटचे गुण असूनही दार बंद होतं, हेही त्यानेच मार्चमध्ये सांगावं. एमबीबीएस हुकलं तर बीएएमएस (आयुर्वेद), बीपीटीएच (फिजिओथेरपी), पशुवैद्यकाचा रस्ता काय, नर्सिंगची सीईटी वेगळी कशी, हे त्याला माहीत असावं.

शेवटी निविदेचं. शिकवणीवाल्याला पटावरच्या संख्येवर पैसे दिले तर पट फुगतो. किती मुलं मेडिकलला लागली यावर दिले तर तो आधीच तयार असलेली दहा मुलं उचलतो आणि तीस सोडून देतो. रोजच्या हजेरीवर पैसे द्या, आणि ठरलेला शिक्षक शिबिरभर बदलणार नाही अशी अट बिलाशी जोडा. शिक्षक बदलला तर त्या आठवड्याचं देयक कापा. ऑनलाइन तास प्रत्यक्ष तासांत मोजू नका.

आणि 'नीट पात्र' हा आकडा अहवालातून काढून टाका. 2025 ला राखीव प्रवर्गाची पात्रता 720 पैकी 113 वर थांबली होती. 113 गुणांवर सरकारी एमबीबीएसची जागा मिळत नाही, पण जिल्ह्याच्या पत्रकात ते मूल यश म्हणून मोजलं जातं. त्याऐवजी प्रकल्पनिहाय पाच रकाने जाहीर करा : दहावीनंतरच्या शिबिरात किती आली, किती टिकली, गेली ती नेमकी कशामुळे, बारावीच्या आत वैधता किती जणांच्या हातात पडली, आणि कुठल्या अभ्यासक्रमाला प्रत्यक्ष प्रवेश किती जणांनी घेतला. आदिम जमातींचे आकडे त्यातच वेगळे दाखवा.

पुढच्या उन्हाळ्यासाठी शाळांना पत्र जानेवारीत निघालं तर फेब्रुवारीत चाचणी होईल आणि दहावीच्या शेवटच्या पेपरच्या दिवशी मुलाच्या हातात शिबिराची तारीख असेल. पत्रासोबत पालकांसाठी एक पान जोडा, त्यावर भत्ता किती, तो कोणत्या दिवशी मिळेल, मुलींची राहायची जागा कुठे आणि तेंदूची सुट्टी कधी, एवढंच असू द्या. चाचणीचे प्रश्न, शब्दप्रयोगांची यादी आणि दोन पुस्तकांच्या मेळाचं पान आम्ही तयार करून द्यायला तयार आहोत.

आपले,
आदिवासी भागात नीटच्या शिबिरांत शिकवणारे शिक्षक आणि डॉक्टर